हुकमाची दुर्री

माझ्या व्यवसायबंधूंना हा लेख वाचून बहुधा माझी कीव येईल. गेली अनेक वर्षे मी चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वय पंचेचाळीस, डोक्यावर केस बेताचे आणि चश्मा दोन भिंगांचा. अशा गृहस्थाने रोज पहाटे कोटाच्या कडेने मोबाईल पुढे धरून चालावे, मध्येच थांबावे, काचेवरून बोट सर्रकन वर सरकवावे आणि "गेला!" म्हणून हळहळावे, हे काही बरे लक्षण नव्हे. आमच्या शेजारच्या आजोबांनी तर एकदा सौभाग्यवतींकडे हलक्या आवाजात विचारणाही केली की, "मास्तरांची तब्येत ठीक आहे ना?"

गंमत अशी की, ज्या जिल्ह्यात खरे वाघ पाहायला साऱ्या जगातून माणसे येतात, त्या जिल्ह्यात राहून मी खोट्या जनावरांच्या मागे लागलो होतो. ताडोबा आमच्या घरापासून मोटारीने तासाभराच्या वाटेवर. पण तिथे मी चार वर्षांत गेलेलो नाही. आणि हे पोकेमॉन नावाचे प्राणी मात्र मला पाठ झाले आहेत. हे कसे घडले ते सांगण्यासारखे आहे, कारण त्याच्या मुळाशी माझा एक अपराध आहे.

ज्यांच्या घरात दहा ते वीस वयाची मुले आहेत, त्यांना खेळाची ओळख करून देण्याची गरज नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. २०१६ च्या जुलैत हा 'पोकेमॉन गो' परदेशात सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्याकडे रीतसर आला. मोबाईलच्या नकाशावर तुमच्याच गावचे रस्ते दिसतात आणि त्या रस्त्यांवर चित्रविचित्र प्राणी उगवतात. चालत जायचे, गोळा फेकून ते धरायचे, वाढवायचे. गावातली देवळे, पुतळे, जुन्या वेशी ही या खेळातली ठाणी. त्यावरून गुजरात उच्च न्यायालयात २०१६ सालीच एक याचिकाही झाली होती. देवळाच्या जागी खेळातली अंडी दिसतात, हा तक्रारीचा मुद्दा होता! २०२३ पासून हा खेळ हिंदीत बोलू लागला आहे. मराठीची पाळी यायची आहे. तूर्त आम्ही मराठीचे प्राध्यापक परभाषेतच लढतो.

२०१७ च्या जूनपासून या खेळात 'रेड' सुरू झाल्या. कबड्डीतला शब्द घेऊन मी त्याला चढाई म्हणतो. एखाद्या ठाण्यावर, म्हणजे आखाड्यावर, मोठे अंडे दिसू लागते. ते फुटले की आतून एक महाबली प्राणी निघतो आणि पाऊण तास तिथे ठाण मांडून बसतो. तेवढ्या अवधीत गावातल्या खेळाडूंनी जमून त्याला हरवायचे. प्रत्येकाने आपले सहा प्राणी न्यायचे. हे सहा कोणते न्यायचे, यातच सारी मेख आहे. आणि माझा अपराधही नेमका तिथलाच.

आमचे चिरंजीव तेव्हा नववीत होते. एका रविवारी सकाळी ते आंघोळीला गेले असता मोबाईल माझ्या हाती आला. "बाबा, पिशवी भरलीय, नवीन पोकेमॉन धरता येत नाही. जागा करायची आहे," असे ते आदल्या रात्री कुरकुरत होते. मी म्हटले, आपणच हे काम करून टाकावे. प्रत्येक प्राण्याच्या डोक्यावर त्याच्या बळाचा आकडा असतो, त्याला सी. पी. म्हणतात. परीक्षेच्या निकालपत्राची सवय असलेल्या माणसाला एवढा आधार पुरे होतो. मी आकड्यांप्रमाणे उतरती यादी लावली, वरचे ठेवले आणि खालचे एकेचाळीस प्राणी एका दमात काढून टाकले. या काढून टाकण्याला खेळात 'प्रोफेसराकडे पाठवणे' म्हणतात. एका प्राध्यापकाने दुसऱ्या प्राध्यापकाकडे पाठवले, एवढेच ते! फक्त तिथून कोणी परत येत नाही.

चिरंजीव टॉवेल गुंडाळून बाहेर आले. मी मोठ्या अभिमानाने फोन पुढे केला. त्यांनी यादी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि काही न बोलता आत जाऊन दार लावून घेतले. मुलगा ओरडला असता, आदळआपट केली असती, तर मला बरे वाटले असते. तो आठ दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलला. "हो", "नाही", "जेवलो". आमच्या घरात असा अबोला पूर्वी कधी झाला नव्हता. सौभाग्यवती म्हणाली, "खेळातलीच जनावरं ती, येतील दुसरी." परंतु तिलाही ते बोलताना खात्री वाटत नसावी.

नेमके काय गेले ते मला एका विद्यार्थ्याकडून कळले. हा मुलगा गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्याचा, आमच्याकडे बी. ए. ला होता आणि शहरात खोली करून राहत होता. घरी गोंडी, गावात झाडीबोली आणि वर्गात पुस्तकी मराठी, अशा तीन भाषा वागवणारा, मोजके बोलणारा. निबंध दाखवायला घरी आला तेव्हा चिरंजीवांचा फोन टेबलावर उघडा होता. त्याची नजर तिथे गेली आणि चेहऱ्यावर एकदम ओळखीचे हसू आले. मी खजील होऊन सगळी हकीकत सांगितली. त्याने परवानगी घेऊन यादी चाळली. यादीच्या अगदी माथ्यावर एक अजस्र माकडवजा प्राणी आरामात पहुडलेला होता. त्याचे नाव स्लेकिंग. सगळ्यांत मोठा आकडा त्याचा, म्हणून मी त्याला पहिल्या नंबराने ठेवले होते.

"सर," तो म्हणाला, "हा नुसता दिसाले मोठा हाये. हा लढत नाही. जांभया देते."

मला थट्टा वाटली. पण ते अक्षरशः खरे निघाले. या खेळात प्रत्येक प्राण्याला एक झटपट मार असतो आणि एक सावकाश साठवून मारायचा मोठा मार. स्लेकिंगचा झटपट मार म्हणजे जांभई! तिने समोरच्याच्या अंगावरचा केसही हलत नाही. आणि मी पाठवून दिलेल्या एकेचाळिसांत एक हिरवी, चपळ, पालीसारखी आकृती होती, सेप्टाईल नावाची. आकडा बेताचा, चिरंजीवांनी तिला अजून वाढवलेही नव्हते. पण वर्षातल्या ठरावीक दिवशी, ठरावीक तासांत त्यांनी तिला मोठी केली होती आणि त्या दिवशीच मिळणारा एक खास मार तिला अवगत होता. एरवी तो शिकवताच येत नाही, असे म्हटले तरी चालेल. चिरंजीव त्या दिवशी भर दुपारी तीन तास उन्हात फिरले होते. हे मला आठवले, कारण टोपी न घालता गेल्याबद्दल मीच त्यांना रागे भरलो होतो.

त्यानंतर मी त्या विद्यार्थ्याची शिकवणी लावली. तो निबंध घेऊन यायचा. निबंध मी तपासायचा आणि मग तो मला तपासायचा.

पहिला धडा असा की, बळ ही एकट्याची गोष्ट नाही. समोर कोण आहे त्यावर ती ठरते. आपल्या मराठीत याला नेमका शब्द आहे: तोड. कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते. घरोघरी पत्ते खेळणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. इस्पिकचा एक्का हातात घेऊन ऐटीत बसलेल्या माणसाला हुकमाची दुर्री कापून जाते. या खेळात हुकूम कोणता ते समोरचा महाबली ठरवतो. प्राण्यांच्या अठरा जाती आहेत: पाणी, अग्नी, गवत, वीज, भूमी, बर्फ वगैरे. पाणी अग्नीला विझवते, अग्नी गवताला जाळतो, गवत पाणी पिऊन टाकते. दगड-कागद-कात्रीचाच हा विस्तार. फक्त तिथे तीन, इथे अठरा. शिवाय पुष्कळ प्राणी दोन-दोन जातींचे, म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक म्हणा हवे तर.

यातले गणित मला फार आवडले. जातीची तोड बरोबर बसली की मार १.६ पट होतो. समोरच्याच्या दोन्ही जातींवर तोच मार लागू पडला तर १.६ गुणिले १.६, म्हणजे २.५६ पट. मारणारा स्वतः त्या मारच्याच जातीचा असेल तर आणखी १.२ पट. उलट चुकीचा प्राणी नेला तर मार ०.६२५ वर येतो. टायरॅनिटार म्हणून एक डोंगराएवढा प्राणी आहे, पाषाण आणि अंधार या दोन जातींचा. त्याला पाहून छाती दडपते. पण चार हातांचा माचँप नावाचा पहिलवान त्याला २.५६ च्या हिशेबाने झोडपतो. पाचव्या पायरीच्या महाबलीच्या अंगात १५,००० चे बळ असते आणि वेळ मिळतो ३०० सेकंद. म्हणजे सगळ्यांनी मिळून सेकंदाला ५० चा मार बसला पाहिजे. तोड बरोबर निवडलेले दोघे-तिघे जाणते खेळाडू हे करतात. आणि मोठमोठे आकडे घेऊन आलेले सहा-सात जण घड्याळ संपेपर्यंत जांभया देत राहतात.

हे शिकत असताना मला आमच्या गावचे दरवाजे वेगळेच दिसू लागले. चंद्रपूरचा गोंडकालीन कोट सुमारे अकरा किलोमीटरचा. २०१७ मध्ये 'इको-प्रो' या इथल्या संस्थेच्या तरुणांनी त्याची सफाई हाती घेतली, तेव्हा कुठे तो आम्हा गावकऱ्यांना दिसला. त्याच्या दरवाजांवर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले आहे: हत्तीवर मात करणारा सिंह. जटपुरा दरवाजाखालून मी हजारदा गेलो असेन. हत्ती आकाराने किती मोठा आणि सिंह किती लहान. तरी शिल्पकाराला निकालाविषयी शंका दिसत नाही.

दुसरा धडा हवामानाचा. खेळातले आकाश बाहेरच्या आकाशाप्रमाणे बदलते आणि त्या त्या हवेत काही जातींचा मार १.२ पट होतो. पावसात पाणी, वीज आणि किडे यांना जोर चढतो. निरभ्र आकाशात अग्नी, गवत आणि भूमी यांना. हिम पडले तर बर्फाला. आता चंद्रपुरात हिम कधी पडणार? एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाच्या पुढे जाणारे गाव हे! तेव्हा बर्फाचे प्राणी आमच्याकडे थोडे हिरमुसलेलेच असतात, आणि अग्नी व गवत यांची वर्षातले आठ महिने चंगळ असते. पुण्या-मुंबईच्या खेळाडूंनी लिहिलेल्या याद्या आमच्या कामाच्या नाहीत, असे माझा गुरू म्हणे. हे मात्र अगदी साहित्यातल्यासारखेच झाले.

अपराधाचे परिमार्जन करायचे तर सेप्टाईल परत मिळवणे भाग होते. खास मार मिळणार नव्हता. पण प्राणी तरी? मी स्वतःचे खाते उघडले. ट्रीको नावाची हिरवी पाल धरायची, तिच्या जातीच्या गोळ्या जमवायच्या. २५ गोळ्यांनी तिची मधली अवस्था आणि आणखी १०० गोळ्यांनी सेप्टाईल. पहाटे पाचला उठून मी रामाळा तलावाच्या बाजूने आणि कोटाच्या कडेने चालू लागलो. सौभाग्यवतीची एकच अट होती: उजाडल्याखेरीज बाहेर पडायचे नाही आणि औष्णिक वीज केंद्राच्या बाजूला फिरकायचे नाही. तिचे म्हणणे रास्त होते. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या त्या झुडपांतून वाघ-बिबटे फिरतात, आणि २०२२ मध्ये तिकडे त्यांच्या हल्ल्यांत माणसे गेली. फोनमध्ये मान घालून चालणारा माणूस म्हणजे त्यांना आयते ताटच. "खरा बिबट्या आला तर त्यालाही गोळा फेकून माराल!" असे ती म्हणाली, त्यात थट्टेपेक्षा काळजीच जास्त होती. चिरंजीवांच्या एका मित्राने संध्याकाळी त्या भागातल्या आखाड्यावर जमायचे ठरवले, तेव्हा मी पालक म्हणून साफ नकार दिला. अबोल्याच्या दिवसांत हा नकार देणे जड गेले, पण दिला.

गोळ्या जमवताना माझ्या गुरूने आपल्या संग्रहातला मानकरी मला दाखवला. गॅरॅडोस, निळा, लांबलचक, नागासारखा. तो जन्मतो मॅजिकार्प नावाच्या माशापासून, आणि हा मासा साऱ्या खेळात निरुपयोगी म्हणून प्रसिद्ध आहे. नुसता तडफडतो. त्याचा गॅरॅडोस करायला ४०० गोळ्या लागतात! एक मासा धरला की ३ गोळ्या, आणि तो प्रोफेसराकडे पाठवला की आणखी १. मी हिशेब केला: शंभर मासे धरले की ३००, त्यांतला एक ठेवून नव्व्याण्णव पाठवले की ९९. एकूण ३९९. एक कमी पडते! "ते एक चालून मिळते, सर," तो म्हणाला. मासा सोबतीला घेऊन एक किलोमीटर चालले की एक गोळी. गावाकडे त्याच्या पट्ट्यात खेळातली ठाणी जवळपास नाहीतच. सुटीत घरी जाताना एस. टी. बदलायला गडचिरोलीला जेवढा वेळ मिळे, तेवढ्यात तो मासे धरी. त्याला दोन वर्षे लागली.

आणि मग ग्राउडॉन आला.

हा भूमीचा महाबली, लालभडक, डायनोसॉरसारखा. एका निरभ्र संध्याकाळी कोटाच्या आतल्या एका देवळाजवळच्या आखाड्यावर तो प्रकटला. भूमी जात, आणि वर आकाश स्वच्छ, म्हणजे हवा त्याच्या बाजूची. आम्ही पाच जण जमलो: चिरंजीव, मी, माझा विद्यार्थी, स्कूटरवरून आलेला औषधाच्या दुकानातला एक तरुण आणि आजीला बरोबर घेऊन आलेली दहावीतली एक मुलगी. आजी देवळाच्या पायरीवर बसून वाती वळत होत्या.

भूमीला तोड तीन: पाणी, गवत आणि बर्फ. बर्फाचे सांगितलेच. चिरंजीवांनी आणि स्कूटरवाल्याने पाणी काढले. त्यांच्या संघात स्वॅम्पर्ट नावाचे दांडगे प्राणी पुढे होते. लढाई सुरू झाली आणि अर्ध्या मिनिटात सगळे कोसळले. ग्राउडॉनचा मोठा मार दर वेळी एकच असतो असे नाही. भूकंप, आगीचा लोळ किंवा सूर्यकिरणांचा झोत, यांतला कुठलाही असू शकतो, आणि तो कोणता हे लढल्याशिवाय कळत नाही. आमच्या वाट्याला आलेल्याकडे सूर्यकिरण होते. तो मार गवत जातीचा. स्वॅम्पर्ट पडला पाणी आणि भूमी अशा दोन्ही जातींचा, आणि गवत दोघांनाही भारी, म्हणजे २.५६ ची पट आमच्याच अंगावर उलटली. ३०० सेकंद संपले तेव्हा ग्राउडॉनच्या अंगात तिसरा हिस्सा बळ शिल्लक होते.

पास वाया जात नाही; अवधी असेतोवर पुन्हा लढता येते. वीस मिनिटे उरली होती. माझा विद्यार्थी, जो एरवी वर्गात तोंड उघडत नाही, तो बोलू लागला. पाणी काढा. गवत घाला. गवताला भूकंप कमी लागतो आणि सूर्यकिरणही कमी लागतात; वर आकाश आपल्यालाही १.२ देणार आहे. त्या मुलीकडे टँगरोथ निघाले, वेलींच्या गुंत्यासारखा एक ओबडधोबड प्राणी. तिने तो कधी वापरलाच नव्हता. स्कूटरवाल्याकडे नारळाच्या झाडासारखा एक्झेग्यूटर होता, "गमतीसाठी ठेवला होता" म्हणे. विद्यार्थ्याने स्वतः मात्र गॅरॅडोसच पुढे घातला. तो पाण्याचा असला तरी उडणाराही आहे. भूकंप त्याला जेमतेम ०.३९ ने लागतो, आणि सूर्यकिरणांचे उणे-अधिक होऊन हिशेब बरोबरीत सुटतो.

चिरंजीव गप्प होते. त्यांच्या यादीत गवताचे ढंगाचे काही उरले नव्हते, आणि का उरले नव्हते हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते. हीच ती लढाई, जिच्यासाठी त्यांनी ती हिरवी पाल भर उन्हात वाढवली होती.

मी फोन पुढे केला. माझ्याकडे सेप्टाईल होती. आदल्याच आठवड्यात झाली होती. खास मार नसलेली, साध्या पानाच्या पात्याची. शेजारी उभ्या असलेल्या दोन खेळाडूंना प्राण्यांची अदलाबदल करता येते. "बाबा, बदल्यात काय देऊ?" चिरंजीवांनी विचारले. आठ दिवसांपेक्षा जास्त काळानंतर हे 'बाबा' कानावर आले होते. मी म्हटले, "तो जांभया देणारा दे." अदलाबदल झाली. त्यांनी लगेच तिच्या नावापुढे तारा लावला. तारा लावलेला प्राणी कोणालाही प्रोफेसराकडे पाठवता येत नाही, ही माहिती मला तेव्हा मिळाली.

दुसऱ्या लढाईचे वर्णन मी करू शकत नाही, कारण मी नुसता काचेवर बोट बडवत होतो. वेली, झावळ्या, पाती आणि निळा नाग एवढे दिसत होते. मध्ये एकदा माझे सहाही पडले. पुन्हा सहा घेऊन शिरलो, त्यांत घाईने स्लेकिंगही गेला आणि त्याने सवयीप्रमाणे जांभई दिली. अकरा सेकंद राहिले असता ग्राउडॉन कोसळला. आजींच्या वाती पायरीवरून घरंगळल्या, एवढा आरडाओरडा झाला.

हरवल्यावर मोजकेच गोळे मिळतात. त्यांत महाबलीला धरायचे असते. चिरंजीवांचा धरला गेला, मुलीचा धरला गेला, विद्यार्थ्याचाही. माझा पळाला.

उन्हाळ्याच्या सुटीत विद्यार्थी गावी गेला. या खेळात २०२० पासून दुरूनही चढाईत सामील होता येते. पास मात्र वेगळा लागतो. मेच्या एका संध्याकाळी आखाड्यावर एन्टेई नावाचा अग्नीचा महाबली बसला होता आणि आम्ही दोघेच होतो. चिरंजीवांनी त्याला निमंत्रण धाडले. लढाई सुरू व्हायला दोन मिनिटांचा अवकाश असतो. दीड मिनिट गेले तरी काही नाही. चिरंजीव म्हणाले, "तिकडे रेंज नसेल, बाबा." एवढ्यात त्याचे नाव यादीत उमटले, आणि पाठोपाठ माझ्या फोनवर निरोप आला: "सर, झाडावर चढून बसलो आहे, इथेच रेंज येते. मुंग्या चावतात. लौकर सुरू करा."